खिडकी नको, संडासाजवळची जागा द्या

बेळगावच्या स्टेशनावर बंगळूरची गाडी लागली तेव्हा मला खिडकीची जागा मिळाली होती, आणि ती मी आपण होऊन सोडली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकी सोडणारं माणूस वेडं तरी असतं किंवा आजारी तरी. दाराकडच्या बाकावर एक धारवाडचे गृहस्थ बसले होते. त्यांना मी म्हटलं, "तुमची जागा मला द्याल का? संडासाजवळची हवी आहे." त्यांनी मला वेड्यांत काढलं असावं, कारण ते घाईघाईने उठले आणि खिडकीशी जाऊन बसले. प्रवासवर्णनं लिहिणारे लोक खिडकीतून काय काय दिसलं ते लिहितात. मला हुबळीपर्यंत एका पत्र्याच्या दाराची कडी दिसली. ती नीट लागत नव्हती.

ही साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. मी निपाणीला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. वय चव्वेचाळीस, लग्न केलेलं नाही, आवाज मोठा. आठ महिन्यांपासून मला लघवीचा त्रास सुरू झाला होता. तासाला चारदा लागायची, गेलं की चार थेंब, आणि त्या चार थेंबांना अशी आग व्हायची की भिंतीला हात टेकावा लागे. आमच्या डॉक्टरांनी तीन वेळा गोळ्या बदलल्या. शेवटी म्हणाले, बंगळूरला मूत्रविकाराचे खास डॉक्टर आहेत, ते आत दुर्बीण घालून बघतील. आणि चिठ्ठी लिहिता लिहिता, माझ्याकडे न बघता, "आत गाठबीट नसली म्हणजे झालं." ते एवढंच वाक्य मी निपाणीहून बरोबर घेऊन निघाले. बाकी सामान म्हणजे एक वळकटी आणि पिशवीभर लुगडी.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढे ती मलाच गिळावी लागली. आजारी पडेपर्यंतच्या बावीस वर्षांत मी तास चालू असताना एकदाही वर्गाबाहेर गेले नव्हते. सकाळी अर्धा कप चहा, मग शाळा सुटेपर्यंत घशाखाली थेंब नाही, ही आम्हां शिक्षिकांची शिस्त. शाळेत पुरुष शिक्षकांना मागे एक आडोसा होता. आम्हांला नव्हता, आणि त्याबद्दल बोलायचं नाही अशी रीत होती. नवी बाई रुजू झाली की पहिल्याच दिवशी तिला बाजूला घेऊन ही शिस्त मीच सांगायची. मुलींचंही तेच. माझ्या तासाला करंगळी वर करायची कुणाची छाती नव्हती. केलीच तर "मधल्या सुट्टीत घरी जा, आता बस," हे माझं उत्तर ठरलेलं. मला त्याचा अभिमान होता. आजारी पडल्यावर मी पाणी आणखी कमी केलं, म्हणजे त्रास कमी होईल.

बंगळूरला उतरले तेव्हा सकाळ होती आणि चांगली थंडी होती. धाकटा भाऊ वसंता स्टेशनावर आला होता. तो तिथल्या एका मोठ्या संशोधनसंस्थेच्या वर्कशॉपात यंत्रांचे भाग बनवायचा आणि मल्लेश्वरमला भाड्याच्या घरात राहायचा. जटक्यात (टांग्यात) बसून आम्ही निघालो. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडांची दाट सावली, प्रत्येक घरापुढे रांगोळी, आणि कुणाला घाई म्हणून नाही. वसंता मला एकेक बंगला दाखवत होता. मी मात्र घर किती लांब आहे एवढंच विचारत होते. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने जटकेवाल्याला घोडा पळवायला सांगितला.

वसंताची बायको सुमन पुण्याची, मनाने फार प्रेमळ आणि नियमांना फार पक्की. तिने माझी खाट बच्चलमनेच्या (न्हाणीघराच्या) दाराशीच लावून ठेवली होती. "वन्सं, तुम्हांला उठायचे कष्ट नकोत," म्हणाली. सोय उत्तम होती, पण त्या खाटेवर पडल्या पडल्या मला तांब्याचा बंब, लाकडाच्या ढलप्या आणि एक ओला पोतेरा एवढंच जग दिसायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. तिथे एक म्हातारे कारकून होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, नाव लिहून घेतलं आणि सांगितलं की डॉक्टर मद्रासला गेले आहेत, अठरा दिवसांनी येतील. तोवर काय करायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, विश्रांती. मी म्हटलं, विश्रांतीने गाठ विरघळते का? त्यांनी चष्मा पुसला आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

अठरा दिवस बंबाकडे बघत पडणं माझ्याच्याने होणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी वसंता कामावर आणि सुमन स्वयंपाकात असताना मी चपला घातल्या आणि शिवाजीनगरची बस पकडली. तिथल्या बाजारात विलायती भाज्या मिळतात असं ऐकलं होतं, त्या बघायच्या होत्या. बाजार खरोखर बघण्यासारखा होता. पांढरेशुभ्र फ्लॉवर, मी कधी न पाहिलेला जांभळा कोबी, मागच्या गल्लीत पत्रे ठोकणाऱ्यांची ठाणठाण, शेगडीवर भाजल्या जाणाऱ्या मटणाचा वास. फुलांच्या राशींपाशी आले आणि मला लागली. दोन दुकानांत विचारलं. एकाने मान हलवली. दुसऱ्याने समोरची भिंत दाखवली, तिच्याकडे तोंड करून तीन पुरुष उभे होते.

आणि मग जे व्हायचं ते झालं. भर बाजारात, उन्हात, चव्वेचाळीस वर्षांची गणिताची बाई उभ्या जागी भिजली.

मला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं, हे लपवून उपयोग नाही. माझ्या पायांशी एक फुलवाली बसली होती, काळीसावळी, नाकात दोन्हीकडे चमक्या. तिने माझ्या लुगड्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि फुलांवर शिंपडायच्या पाण्याची कळशी उचलून कमरेपासून खाली माझ्या अंगावर रिकामी केली. वर मोठ्याने ओरडली, "तप्पायितम्मा, कै जारितु!" (चुकलं हो बाई, हात निसटला.) आजूबाजूचे दोघेतिघे तिलाच बोलले, डोळे फुटले का म्हणून. ती माफी मागत राहिली. मग तिने मला तिच्या पोत्यावर उन्हात बसवलं, लुगडं सुकेपर्यंत बसवलं, आणि जाताना अबोलीचा हातभर गजरा माझ्या केसांत स्वतः माळला. मी फुलं कधी माळत नाही. त्या दिवशी मी ती घरापर्यंत काढली नाहीत.

परतीच्या बसमध्ये लाज हळूहळू उतरली आणि राग चढू लागला. कुणाचा, ते मात्र कळेना. घरी सगळं सांगून टाकलं. सुमन रडली आणि म्हणाली, वन्सं, आता डॉक्टर येईपर्यंत पायरी उतरायची नाही. वसंताही तिच्याच बाजूने झाला. हवा स्वच्छ असली की त्यांच्या गच्चीवरून उत्तरेला निळसर डोंगर दिसायचा. तो नंदीदुर्ग, बसने दोन-अडीच तास, असं वसंताने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी त्याला गच्चीवर नेलं आणि डोंगराकडे बोट केलं.

"डॉक्टरला काय सांगायचं ते सांगू दे," मी म्हटलं. "त्याच्या आधी मी तिथे उभी राहणार."

"अक्का, आणि वाटेत झालं म्हणजे?"

"झालं तर झालं. आज झालंच ना? जिवंत आहे मी."

हे संभाषण भिंतीपलीकडच्या राजम्मांनी ऐकलं. त्या शेजारीण, साठीच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या नवऱ्याची बायको, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मराठी त्यांना येत नव्हतं, पण माझा आवाज कुठल्याही भाषेत समजतो. माझं कन्नड बेळगावकडचं, बंगळूरकरांना ते भांडणासारखं वाटतं. त्यांचं कन्नड मला लोणी लावल्यासारखं वाटायचं. राजम्मांनी सगळी हकीकत विचारून घेतली आणि म्हणाल्या, शहरात सोय नाही असं कोण म्हणतं? प्रत्येक गल्लीत सोय आहे.

त्यांची युक्ती अशी. तिकडे घरी आलेल्या बाईला अरिशिण-कुंकुम (हळदकुंकू) लावल्याशिवाय आणि काहीतरी प्यायला दिल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही, मग ओळख असो वा नसो. एकदा हळदकुंकू लावलं की तुम्ही त्या घरच्या. मग बच्चलमने कुठे आहे हे विचारायला कसली लाज? त्यांनी मला बसवनगुडीतली बहीण, चामराजपेटेतली भाची, देवळाजवळची मैत्रीण अशी नावं सांगितली. नावं संपली तर कुठलंही रांगोळी घातलेलं दार चालेल, म्हणाल्या.

आणि खरंच चाललं. पुढचे बारा-तेरा दिवस मी बंगळूर पाहिलं ते रांगोळी ते रांगोळी. लालबाग पाहिली, बसवनगुडीचा प्रचंड नंदी पाहिला, चिकपेटेतली रेशमाची दुकानं पाहिली. लागली की दार ठोठावायचं. "बन्नी अक्का" (या अक्का) म्हणून आत घेत, पाटावर बसवत, कुंकू लावत. मी सरळ सांगायची, मी आजारी आहे, मला तुमच्या न्हाणीघरात जायचं आहे. एकही बाई हसली नाही. उलट निम्म्याजणी आवाज खाली आणून आपापली गाऱ्हाणी सांगायला लागत. एका वकिलाच्या बायकोने तर मला तीन बाळंतपणांपासूनचा सगळा इतिहास सांगितला आणि शेवटी म्हणाली, हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

अडचण एकच. प्रत्येक घरी प्यायला मिळायचं. "स्वल्प काफी," म्हणत पितळी पेला पुढे येई, नाहीतर आल्याचं ताक, नाहीतर नुसतं पाणी. पहिल्या दिवशी मी नको म्हटलं तर त्या घरची सून रडवेली झाली. मग काय करणार, प्यायले. चार घरं झाली की चार पेले पोटात. मनात म्हटलं, आता मेले. पण गंमत अशी की आग वाढायच्या ऐवजी कमी होऊ लागली. खेपा तेवढ्याच, पण भिंतीला हात टेकावा लागेना. मी गणिताची बाई, पण हे साधं गणित मला सुटलं नाही. मी म्हटलं, बंगळूरची हवा.

डॉक्टर सोमवारी येणार होते. शनिवारी सकाळी राजम्मांनी आणि मी नंदीदुर्गाची बस पकडली. बसच्या वाटेवर कुठली आली रांगोळीची दारं, म्हणून मी माझ्या जुन्या शिस्तीवर गेले. उठल्यापासून पाण्याचा थेंब घेतला नाही. यलहंका मागे पडलं तशी आग सुरू झाली, आठ महिन्यांत झाली नव्हती अशी. दोन्ही बाजूंना लाल माती, नाचणीची शेतं, लांबवर दगडी टेकड्या. राजम्मा मला टेकड्यांची नावं सांगत होत्या आणि मी ओठ चावत होते. शेवटी मी उभी राहिले.

"गाडी निंद्रसरी," मी कंडक्टरला माझ्या कन्नडमध्ये सांगितलं, गाडी थांबवा म्हणून. तो म्हणाला, देवनहळ्ळीला थांबेल, अर्ध्या तासाने. मागचे दोघं माझ्या बोलण्याला हसले.

मग मी वर्गातला आवाज काढला. "मला लघवीला जायचं आहे. आत्ता. थांबवत नसाल तर मी इथेच बसते, आणि गाडी तुम्हीच धुवा."

ड्रायव्हरने मागे पाहिलंही नाही, सुरूच्या बनाशी गाडी उभी केली. मी उतरले. माझ्यामागून राजम्मा उतरल्या. त्यांच्यामागून कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई, मग एक सासू आणि तिची सून, मग काठी टेकत एक म्हातारी. आम्ही सहाजणी. कुणी कुणाकडे पाहिलं नाही, प्रत्येकीने आपापलं झाड धरलं. परत चढताना म्हातारी माझ्या दंडाला धरून म्हणाली, "मी मॅजेस्टिकपासून धरून बसले होते गं." मॅजेस्टिक म्हणजे बस सुटली ते ठिकाण. पुढच्या वाटेवर आम्हां सहाजणींच्या गप्पा इतक्या रंगल्या की कंडक्टरला थांब्यांची नावं दोनदा ओरडावी लागली. देवनहळ्ळीला त्या तरुण बाईने चकोता (पपनस) घेतला आणि सोलून सगळ्यांना वाटला.

नंदीच्या माथ्यावर वारा असा की पदर सांभाळता सांभाळता पुरेवाट. एका कड्याशी उभं राहिलं की खाली तळ्यांचे चकाकणारे तुकडे, शेतं, धागा टाकल्यासारखे रस्ते. राजम्मांनी पुळियोगरे (चिंचेचा भात) सोडला आणि तांब्या माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं. त्या रागावल्या. म्हणाल्या, तेरा दिवस पाहते आहे, कुणी हातात दिल्याशिवाय तू पाणी पीत नाहीस, चुलीवरचं भांडं तरी कोरडं किती तापेल? मी प्यायले. मला तिथे फार भीती वाटली होती, तेही सांगते. दक्षिणेकडे धुक्यात बंगळूर होतं, त्यात तो दवाखाना होता, आणि परवा कुणीतरी मला सांगणार होतं की किती दिवस उरले. मला मरायचं नव्हतं. अजून काहीच पाहिलं नव्हतं मी, निपाणीची शाळा सोडून. पण त्या माथ्यावर मी उभी होते, ठरवल्याप्रमाणे, आणि ते कुठल्याच गाठीला परत घेता येणार नव्हतं.

सोमवारी डॉक्टर भेटले. पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. दुर्बिणीचं वर्णन करत नाही. एक मलबारी नर्स पूर्ण वेळ माझा हात धरून होती, आणि मी सतराचा पाढा म्हणत होते. अठराच्या पाढ्याला काम संपलं. नंतर त्यांनी मला खुर्चीवर बसवलं.

"गाठ नाही," ते म्हणाले. "पिशवीला जुनी सूज आहे, आणि ती पूर्ण रिकामी होत नाही. ताणून ताणून सैल झाली आहे. तुम्ही दिवसभरात लघवीला कधी जाता? आजारी पडायच्या आधीचं विचारतो."

"सकाळी निघताना. मग शाळा सुटून घरी आल्यावर."

"आणि पाणी?"

"घरी आल्यावर."

"किती वर्षं?"

"बावीस."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, हे दुखणं तुम्हांला झालेलं नाही. तुम्ही ते कमावलं आहे." गोळ्या लिहून दिल्या, आणि दिवसभर भरपूर पाणी प्यायचं, लागो न लागो दर दोन तासांनी घड्याळ बघून जायचं, असं बजावलं. सैल झालेली पिशवी पूर्वीसारखी होईलच असं नाही, पण ऐकलंत तर सुधारेल, म्हणाले.

गाठ नाही हे ऐकून आनंदाने नाचायला हवं होतं. वसंता बाहेर बाकावर रडलाच. मी मात्र दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले आणि बोटांवर मोजू लागले. कुलकर्णी बाई, शेट्टी बाई, नवी आलेली जोशी, त्याआधीच्या पाच-सहा. प्रत्येकीला पहिल्या दिवशी बाजूला घेऊन मी शिस्त शिकवली होती. आणि करंगळ्या? त्या तर मोजताच येईनात. शिवाजीनगरहून परतताना मला कुणाचा राग आला होता ते तेव्हा कळलं.

परतीच्या गाडीत मी खिडकी घेतली आणि सोडली नाही. दर दोन तासांनी उठायची, सगळ्यांच्या गुडघ्यांवरून, "सरका हो" म्हणत जायची आणि परत येऊन खिडकीशी बसायची. तुंगभद्रेचं पाणी पाहिलं, हावेरीकडची काळी जमीन पाहिली. राजम्मांनी दिलेला पाण्याचा तांब्या बेळगाव यायच्या आत दोनदा रिकामा केला.

निपाणीला येऊन मी संस्थेच्या अध्यक्षांना अर्ज दिला की शाळेत शिक्षिका आणि मुलींसाठी सोय बांधावी. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि विचार करू म्हणाले. त्यांचं घर शाळेच्या समोर, दारात रोज रांगोळी. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासानंतर मी त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांच्या सौभाग्यवतींनी आत घेतलं, कुंकू लावलं, आणि मी न्हाणीघर विचारलं. पाचव्या तासानंतर मी कुलकर्णी बाईंना घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघी होतो, आणि आठवड्याच्या शेवटी सातवीचा निम्मा वर्ग अंगणात रांगेत उभा होता. अध्यक्षांच्या घरच्या या वहिनी खमक्या होत्या. त्यांना चौथ्या दिवशीच सगळं समजलं होतं, पण नवऱ्याला त्यांनी सांगितलं नाही, उलट रांगेतल्या मुलींना ताक वाटलं. दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या मागे विटा येऊन पडल्या.

पुढे अनेक वर्षं माझं दुखणं कमी-जास्त होत राहिलं, पूर्ण गेलं नाही. बंगळूरही मी नंतर पुष्कळदा पाहिलं. पण त्या प्रवासाचा शेवट मी विटा आल्या तो दिवस धरत नाही. भिंती उभ्या राहून कडी लागली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी फळ्यावर त्रैराशिक मांडत होते. मागच्या बाकावर एक करंगळी अर्धवट वर झाली आणि मी वळल्याबरोबर खाली गेली. मी खडू ठेवला.

"जा," मी म्हटलं. "आणि येताना पाणी पिऊन ये."